चीनची पहिली फेरी: बीजिंग, शीआन, शांघाय आणि मधले दोन थांबे

चीनला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते खाण्याची आणि दुसरी थंडीची. त्या दोन्हींची सोय होते. खरी पंचाईत विमानतळाबाहेर पडल्यावर होते, कारण हातातला मोबाइल मुका झालेला असतो. गूगल उघडत नाही, व्हॉट्सॲपवर निरोप जात नाही, खिशातलं क्रेडिट कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात कोणी घेत नाही आणि पाटीवरचं एक अक्षर लागत नाही. मी, नवरा आणि सत्तरीच्या सासूबाई असे आम्ही तिघं अकरा दिवस फिरून आलो. पहिल्या संध्याकाळी घरी “पोचलो” एवढं कळवायला मला दीड तास लागला. तुमचा तो दीड तास वाचावा म्हणून सुरुवात तयारीपासून करते. राजवाडे नंतर बघू.

रस्ता आधी ठरवा

पहिल्याच फेरीत बीजिंग, शांघाय, गुइलीन, छंगदू सगळं दहा दिवसांत कोंबू नका. निम्मा वेळ स्टेशनं आणि विमानतळ बघण्यात जाईल. एकाच रेल्वेमार्गाला धरून चला: बीजिंग चार दिवस, वाटेत अर्धा दिवस शिच्याच्वांग, शीआन तीन दिवस, परतीच्या वाटेवर लुओयांग एक दिवस आणि शेवटी शांघाय. बीजिंगमध्ये जे बघतो ते बहुतांशी सहाशे वर्षांच्या आतलं. शीआनला बावीसशे वर्षं मागे जातो. शांघायचा बघण्याजोगा भाग दोनशे वर्षांचाही नाही. हा क्रम उलटा केलात तर शांघायच्या झगमगाटानंतर बाकीचं फिकं वाटतं, असं माझं मत.

महिना निवडताना तीन सुट्ट्या टाळा: वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष, १ मेच्या आसपासचे दिवस आणि १ ते ७ ऑक्टोबर. या दिवसांत सगळा चीन घराबाहेर पडलेला असतो आणि चीनच्या भिंतीवर मुंगीलाही वाट मिळत नाही. दिवाळीची सुट्टी बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या त्या आठवड्यानंतर येते, हे आपल्या पथ्यावर पडतं. तेव्हा बीजिंगची हवा कोरडी आणि स्वच्छ असते. सकाळी जाकीट लागतं, दुपारी काढून हातात घ्यावं लागतं.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावाच लागतो. पर्यटकांच्या व्हिसाला ‘एल’ म्हणतात आणि अर्जासोबत विमानाची तिकिटं व हॉटेलांची बुकिंगं जोडावी लागतात. ‘दहा दिवस व्हिसाशिवाय चीन’ अशा व्हिडिओंना भुलू नका. ती ट्रान्झिटची सवलत ठरावीक देशांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. मधेच हाँगकाँग करून परत मुख्य भूमीवर यायचं असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा, कारण हाँगकाँगला गेलात की हिशेबाने तुम्ही चीनबाहेर पडलेले असता.

२०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. शक्य झालं तर बीजिंगला उतरा आणि शांघायहून परत या. त्याच रस्त्याने माघारी येण्यात एक अख्खा दिवस जातो. सगळ्या चीनचं घड्याळ एकच आहे आणि ते आपल्या अडीच तास पुढे.

मग मोबाइल

गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांतलं काहीच तिथल्या वायफायवर किंवा स्थानिक सिमवर चालत नाही. सोपा उपाय म्हणजे आपल्याच सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग, किंवा प्रवाशांसाठीचं परदेशी ई-सिम. रोमिंगचा डेटा परदेशी कंपनीच्या जाळ्यातून फिरून येत असल्यामुळे ही बंद ॲप चालतात. मी हॉटेलच्या फुकटच्या वायफायवर विसंबले होते, तिथे तो दीड तास गेला.

पैशांसाठी अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप लागतात. भारतात २०२० मध्ये दोन्हींवर बंदी आली, तेव्हा ती चीनमध्ये पोचल्यावर टाका, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडून ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ सुरू करायला विसरू नका. ओटीपी भारतीय नंबरवरच येतो, म्हणून ते सिम चालू हवं. दोनशे युआनपर्यंतच्या खर्चावर वेगळं शुल्क लागत नाही, त्यापुढे तीन टक्के कापतात. त्यामुळे मोठं बिल असेल तर आम्ही तिघांचं वेगवेगळं मागायचो. पद्धत आपल्या यूपीआयसारखीच. रताळी भाजणारी आजीसुद्धा गाडीला क्यूआर कोडची चकती टांगून बसलेली असते. तरी पाचेकशे युआन रोख जवळ ठेवा, बॅटरी संपली की तेच कामी येतात. एक युआन बारा-तेरा रुपयांच्या आसपास धरा. बोलताना मात्र सगळे ‘क्वाई’ म्हणतात, जसं आपण कधी काळी ‘दोन बंदे’ म्हणायचो.

गूगलचा नकाशा उघडला तरी त्याच्या नादी लागू नका. चीनची नकाशामोजणी वेगळी असल्यामुळे त्यावरची जागा काहीशे मीटर सरकलेली दिसते. तिथले लोक वापरतात ते गाओद हे नकाशाचं ॲप घ्या. हॉटेलचं नाव चिनी अक्षरांत फोटो काढून ठेवा आणि टॅक्सीवाल्याला सरळ तो फोटो दाखवा. सम्राटांच्या राजवाड्याला आपण ‘फॉरबिडन सिटी’ म्हटलं तर तो नुसता हसतो, ‘गुगोंग’ म्हटलं की लगेच मान हलवतो.

तिकिटं पासपोर्टच्या नावावर

आपल्याकडे पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवतात. तिथे तो रोज खिशात लागतो. मोठ्या स्थळांची आणि रेल्वेची तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर निघतात, कागद बहुतेक वेळा हातात येतच नाही. दारात पासपोर्ट दाखवायचा आणि आत जायचं. नावातलं एक अक्षर किंवा नंबरातला एक आकडा चुकला तर तिकीट असूनही बाहेर.

राजवाड्याची म्हणजे गुगोंगची तिकिटं सात दिवस आधी खुली होतात, चीनमध्ये रात्री आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. गर्दीच्या दिवसांत ती बघता बघता संपतात. आयआरसीटीसीवर तत्काळ काढणाऱ्याला हे शिकवायला नको. एप्रिल ते ऑक्टोबर साठ युआन, थंडीत चाळीस, आणि सोमवारी राजवाडा बंद. समोरच्या थ्येनआनमेन चौकात जायलाही वेगळी नोंदणी लागते. ती फुकट आहे, पण नसेल तर पोलीस पुढे सोडत नाहीत.

रेल्वेसाठी १२३०६ हे सरकारी ॲप आहे, त्यावर परदेशी पासपोर्ट चालतो. तिकिटं पंधरा दिवस आधी मिळतात. ‘जी’ अक्षराच्या गाड्या सर्वांत वेगवान. स्टेशन नीट वाचा. शीआनची बहुतेक वेगवान गाडी बीजिंग पश्चिमहून सुटते, शांघायची बीजिंग दक्षिणहून, आणि ही दोन स्टेशनं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. तासभर आधी पोचा. सामान क्ष-किरणांखालून जातं, कात्री-सुरी काढून घेतात आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच फलाटाचं फाटक बंद होतं. धावत गाडी पकडायची आपली लोकलची कला तिथे उपयोगाची नाही. स्वयंचलित फाटकावर पासपोर्ट चालला नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे जा.

बॅगेत काय

विद्युतदाब आपल्यासारखाच आहे, पण सॉकेटची भोकं चपटी, म्हणून ॲडॅप्टर लागतो. सार्वजनिक शौचालयं स्वच्छ असतात, पण बहुतेक भारतीय बैठकीची. तिथे पाण्याचा फवारा नाही आणि कागदही नसतो, त्यामुळे टिश्यूचं पाकीट सतत खिशात हवं. पॉवरबँकवर चीनचा ‘थ्री-सी’ हा सुरक्षेचा शिक्का नसेल तर जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ती नेऊ देत नाहीत. रेल्वेनेच फिरणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

थर्मास न्या. रेल्वेच्या प्रत्येक गाडीत, स्टेशनवर, विमानतळावर उकळत्या पाण्याचा नळ असतोच, कारण तिथे गार पाणी पिणं कोणालाच रुचत नाही. सासूबाईंनी उपम्याचं तयार पीठ आणि मेतकूट नेलं होतं. त्या नळाने आमचा नाश्ता चार वेळा झाला.

शाकाहाऱ्यांनी एक वाक्य पाठ करावं: “वो छ्र सू”, मी शाकाहारी आहे. तरीही टोफूवर बारीक चिरलेलं मांस भुरभुरून येऊ शकतं, कारण तेवढ्याला बरेच जण मांस समजत नाहीत. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी खानावळ मिळाली तर डोळे मिटून जा. नाहीतर ‘थुतोउ स्स’ मागा: बटाट्याच्या काडेपेटीच्या काड्यांएवढ्या काचऱ्या, मिरची आणि व्हिनेगरमध्ये मोठ्या आचेवर परतलेल्या, थोड्या कचकचीत ठेवलेल्या. सासूबाईंनी पहिल्या घासाला “कच्च्या राहिल्यात” म्हटलं आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच मागू लागल्या.

बीजिंग: दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला

बीजिंग समजायचं तर एक सरळ रेघ डोळ्यांसमोर आणा. शहराचा जुना गाभा दक्षिण-उत्तर अशा एका आसावर बांधलेला आहे आणि राजवाडा बरोबर त्या रेषेवर बसला आहे. तेराव्या शतकात कुब्लाई खानाने इथे राजधानी वसवली. आजचा राजवाडा मात्र मिंग घराण्याच्या योंगलं सम्राटाने १४०६ ते १४२० या काळात बांधून घेतला आणि १४२१ मध्ये राजधानी नानजिंगहून इथे आणली. त्याच वर्षी वीज पडून पुढची तीन मोठी दालनं जळून गेली. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे चोवीस सम्राट इथून राज्य करून गेले. शेवटचा फूयी १९१२ मध्ये पदावरून उतरला, तरी १९२४ पर्यंत मागच्या भागात राहत होता. १९२५ मध्ये राजवाड्याचं संग्रहालय झालं.

आत शिरायचं दक्षिणेच्या वूमेन दरवाजातून, बाहेर पडायचं उत्तरेच्या शनवूमेनमधून. उलटं जाता येत नाही, म्हणून सामान घेऊन जाऊ नका. बहात्तर हेक्टरांचा पसारा आहे, चार तास तरी लागतात. सगळी गर्दी मधल्या रेषेवर, सिंहासन बघायला लोटते. एकदा तुम्हीही मान उंचावून बघा आणि मग बाजूच्या अंगणांत वळा, तिथे निवांत असतं.

तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, दालनांच्या बाहेर ठेवलेले माणूसभर उंचीचे धातूचे रांजण. लाकडी राजवाड्याला आगीची धास्ती, म्हणून त्यांत पाणी भरून ठेवत आणि थंडीत ते गोठू नये म्हणून खाली विस्तव पेटवत. दुसरी, छपरं. बहुतेक कौलं सम्राटाच्या पिवळ्या रंगाची, ग्रंथालयाची मात्र काळी, कारण त्यांच्या पंचतत्त्वांत काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना भीती आगीची. तिसरी, बाओहतियेन या दालनामागचा अखंड दगडी उतार. साडेसोळा मीटर लांबीच्या, दोनशे टनांहून जड अशा एकाच शिळेवर ढगांतले ड्रॅगन कोरले आहेत. असे दगड सत्तरेक किलोमीटरवरच्या फांगशानच्या खाणीतून आणत. हिवाळ्यात वाटेवर विहिरी खणून रस्त्यावर पाणी ओतायचे, त्याचा बर्फ होऊ द्यायचे आणि मग शिळा त्यावरून ओढायचे. कैलास लेणं बघून वाढलेल्या माणसालाही इथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतं.

बाहेर पडलात की समोर जिंगशानची टेकडी दिसेल. पाय दुखत असले तरी चढा. खंदक खणताना निघालेल्या मातीची ती टेकडी, वरून राजवाड्याची सगळी पिवळी छपरं एका नजरेत येतात. १६४४ मध्ये बंडखोर शहरात शिरले तेव्हा शेवटच्या मिंग सम्राटाने याच टेकडीवर झाडाला गळफास घेतला.

दुसरा दिवस स्वर्गमंदिराला द्या, पण सकाळी लवकर. सम्राट वर्षाच्या पिकासाठी जिथे प्रार्थना करत, ते तीन छपरांचं गोल दालन १५४५ चं, त्याआधी तिथे १४२० चं आयताकृती दालन होतं. १८८९ मध्ये तेही विजेने जळालं आणि आहे तसं पुन्हा उभारलं. मधले चार खांब ऋतूंचे, त्याभोवती बारा महिन्यांचे, बाहेर दिवसाच्या दोन-दोन तासांच्या बारा प्रहरांचे. मला मात्र दालनापेक्षा भोवतालची बाग आवडली. निवृत्त मंडळी पत्ते कुटतात, पिसांचं फूल पायाने उडवतात, गाणी म्हणतात. सासूबाईंना एका आजींनी हाताला धरून रांगेत उभं केलं आणि अर्धा तास हातवारे करायला लावले. एकमेकींना दोघींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघी अखंड बोलत होत्या.

दुपारी हुथोंगमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांत भटका. तिथलं पारंपरिक घर म्हणजे मधे अंगण आणि चारी बाजूंना खोल्या. चौसोपी वाडा बघितलेल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे एकेका वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं आली तीसुद्धा आपल्यासारखीच.

भिंत

भिंत म्हणजे एक सलग भिंत नव्हे. वेगवेगळ्या राज्यांनी दोन हजार वर्षांत बांधलेल्या तुकड्यांचं ते जाळं आहे आणि २०१२ मध्ये चीनने जाहीर केलेल्या मोजणीत त्या सगळ्यांची लांबी २१,१९६ किलोमीटर भरली. फोटोतली विटांची भिंत मिंग काळातली. तिच्या चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत असं सांगतात, त्याचाच हा भाऊ. चंद्रावरून भिंत दिसते ही मात्र थाप. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई २००३ मध्ये परत आला आणि आपल्याला दिसली नाही असं त्यानेच सांगितलं.

बादालिंग जवळचं आणि रेल्वेचं, पण गर्दीचं. मुतिआन्यू सत्तरेक किलोमीटरवर आहे, तिथे जा. वर जायला दोन वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांची तिकिटं एकमेकांना चालत नाहीत. बंद डब्यांची केबलकार चौदाव्या बुरुजाला सोडते. उघडी पाळणागाडी सहाव्या बुरुजाला, आणि तिथूनच चाकांच्या घसरगुंडीने खाली येता येतं. आम्ही केबलकारचं जाऊन-येऊन तिकीट काढलं आणि चालत चालत सहाव्या बुरुजाशी पोचलो. मग नवऱ्याने घसरगुंडीचे पैसे वेगळे भरले आणि मी सासूबाईंना घेऊन आठ बुरुज परत मागे. घसरगुंडीला वयाची अट असते, तेव्हा घरातल्या मोठ्यांचा विचार करूनच तिकीट काढा. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. सिंहगड चढणाऱ्याला जड नाही, पण बूट चांगले हवेत.

शिच्याच्वांग: सोलापूरच्या डॉक्टरांचं गाव

बीजिंगहून शीआनला जाताना तासाभरात हे स्टेशन येतं. कुठल्याही सहलीच्या पत्रकात ते नसतं आणि मराठी माणसाने न उतरता पुढे जाऊ नये असं मला वाटतं. जपानशी युद्ध चालू असताना १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. शहरातल्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. कॅनडाच्या डॉ. बेथून यांची समाधीही तिथेच. चिनी लोक कोटणीसांना ‘ख तिहुआ’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला हे नाव चिनी अक्षरांत दाखवा. आमच्या टॅक्सीवाल्याने ते वाचलं, वळून सासूबाईंकडे पाहिलं, “इंदू?” विचारलं, आणि भारतातून आलोय हे कळल्यावर अंगठा वर केला. स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे, तीन तासांत जाऊन येता येतं.

शीआन: मातीचे सैनिक आणि ह्यु-एन-त्संग

बीजिंग ते शीआन थेट गेलात तर साडेचार ते सहा तास. हेच जुनं छांगआन, रेशीम मार्गाचं पूर्वेचं टोक, हान आणि थांग घराण्यांची राजधानी.

मातीचे सैनिक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर लिनथोंगला आहेत. स्टेशनबाहेर गाडीवाले मागे लागतात. एकाच्या मागे आम्ही गेलो तर त्याने आधी दोन दुकानं दाखवली आणि मग नक्कल केलेल्या पुतळ्यांचं कसलंसं प्रदर्शन. मेट्रोने ह्वाछिंग तलावापर्यंत जा आणि तिथून बस घ्या, हे स्वस्तही पडतं.

मार्च १९७४ मध्ये दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या फावड्याला हे तुकडे लागले. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एक करणारा सम्राट छिन श हुआंग याच्या थडग्याचा हा पहारा. आठेक हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे आणि बरेचसे अजून मातीखालीच आहेत. खुद्द थडगं उघडलेलंच नाही. आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या असं इतिहासकार स्सिमा छ्येनने लिहून ठेवलं आहे, आणि त्या टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरंच जास्त सापडलं. पुतळे रंगीत होते. उकरल्यावर हवा लागली की रंग मिनिटांत सोलून निघतो, घाई न करण्याचं तेही एक कारण.

सगळे आधी पहिल्या खड्ड्याकडे धावतात. तुम्ही तिसऱ्यापासून सुरू करा. तो लहान आहे, सेनापतींचा तळ. मग दुसरा, तिथे गुडघा टेकलेला धनुर्धारी काचेत अगदी जवळून बघता येतो. त्याच्या बुटाचा तळवा बघा, न घसरण्यासाठी घातलेले टाके टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने चप्पल शिवणाऱ्याचा विचारसुद्धा सोडला नाही. शेवटी पहिला खड्डा, २३० मीटर लांब. कठड्याशी जागा मिळेपर्यंत थांबा, घाईने काढलेल्या फोटोत फक्त लोकांचे हात येतात. कांस्याचे दोन रथ आता लिशान बागेतल्या वेगळ्या इमारतीत आहेत. तिकीट तेच, आणि बस फुकट.

शहरात परत आल्यावर संध्याकाळी कोटावर सायकल चालवा. मिंग काळातला हा तट जवळपास चौदा किलोमीटर, पूर्ण, आणि वरून दोन बस शेजारी जातील इतका रुंद.

मोठा हंस पॅगोडा मात्र सकाळी बघा. ह्यु-एन-त्संग भारतातून ६४५ मध्ये परतला, सोबत ६५७ ग्रंथ होते. ते ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा बांधला. शाळेत आपण त्याच्याविषयी वाचतो ते नालंदा आणि हर्षवर्धनापुरतं. पण तो ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच नाही, सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी बजावतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. डोंगरातल्या एका विहाराचं वर्णनही आहे, दारात दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. अजिंठ्याचं सोळावं लेणं बघितलेल्याला ती जागा लगेच ओळखता येईल.

रात्री मुस्लीम मोहल्ल्यात जेवा. इथली मोठी मशीद ७४२ मध्ये स्थापन झाली असं मानतात. तिला घुमट नाही, बाहेरून ती चिनी मंदिरच वाटते. मांसाहाऱ्यांनी फाओमो घ्यावा. आधी एक कडक भाकरी आणि रिकामा वाडगा देतात. भाकरी हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत आपण स्वतः कुस्करायची, मग वाडगा आत नेऊन त्यावर मटणाचा रस्सा ओततात. नवऱ्याने कंटाळून मोठे तुकडे केले, तर वाढणाऱ्या काकांनी वाडगा परत त्याच्यासमोर ठेवला. शाकाहाऱ्यांना लियांगफी म्हणजे गार शेवया आणि परसिमन फळाच्या तळलेल्या गोड पुऱ्या.

लुओयांग, घाईत असाल तर सोडा

शीआनहून दीड-दोन तास. पाचव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली लोंगमनची लेणी नदीकाठच्या चुनखडकात कोरलेली, मधला वैरोचन बुद्ध सतरा मीटर उंच. पांढऱ्या घोड्याचं मंदिर इ.स. ६८ चं मानतात, भारतातून आलेल्या दोन भिक्षूंसाठी बांधलेलं. त्याच आवारात सांचीच्या धर्तीवर भारताने बांधून दिलेलं मंदिर आहे, २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं.

शांघाय: ससूनचं घर

शांघायला पोचल्यावर दुपारी झोपा आणि संध्याकाळी बंडवर, म्हणजे नदीकाठच्या जुन्या रस्त्यावर जा. पहिल्या अफूयुद्धात हरल्यावर १८४२ च्या नानजिंग तहाने चीनला जी बंदरं उघडावी लागली, त्यांत हे एक. नदीकाठच्या दगडी इमारती परकी बँका आणि व्यापाऱ्यांच्या. फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमध्ये नोकरी केलेल्याला इथे वाट चुकल्यासारखं वाटत नाही. हिरव्या टोकदार छपराची जी इमारत दिसते, ती १९२९ मध्ये व्हिक्टर ससूनने बांधली. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्या घराण्याचं, त्याच घराण्यातला, डेव्हिड ससूनचा पणतू. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारात हे घराणं मोठं झालं. आता तिथे हॉटेल आहे, तळमजल्यावर सहज फिरून येता येतं.

पलीकडचं पुदोंग १९९० पर्यंत शेतं, गोदामं आणि चाळवजा वस्तीचं होतं. आज तिथे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आहे. वर जायचं तिकीट महाग आणि बऱ्याचदा ढगच दिसतात. त्यापेक्षा दोन युआनची साधी फेरीबोट घ्या, सायकली आणि स्कूटरवाल्यांबरोबर. भाऊच्या धक्क्यावरून निघाल्यासारखं वाटतं, फक्त पलीकडे उरण नसतं. दिवे दहाच्या सुमारास मालवतात, म्हणून जेवण आधी उरका.

नानजिंग रस्त्यावर गोड इंग्रजी बोलणारी मुलं-मुली भेटतील, फोटो काढून मागतील आणि मग “चहाचा पारंपरिक समारंभ बघायला चला” म्हणतील. जाऊ नका. आमच्या ओळखीतले एक काका गेले आणि चार पेल्यांचं बिल हजार युआनच्या वर आलं. “बू याओ”, म्हणजे नको, एवढं म्हणून चालत राहा.

परतीच्या दिवशी लोंगयांग रोड स्टेशनवरून मॅग्लेव्हने विमानतळ गाठा. रुळाला न टेकता धावणारी ही गाडी पूर्वी ताशी ४३१ किलोमीटर जायची, हल्ली ३०० वर थांबते, तरी तीस किलोमीटर आठ मिनिटांत संपतात. वेगाचा आकडा डब्याच्या दारावर दिसतो, त्याच्यासमोरची जागा धरा. सासूबाई तेवढ्यात थर्मास भरायला नळ शोधत होत्या. या एका गाडीत मात्र तो आम्हाला दिसला नाही.